ओठाचा उजवा कोपरा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला मी सगळं सांगतो — सुपरवायझरशी भांडलो तेही, गाडी ठोकली तेही. हे मात्र तीन वर्षं गिळून बसलोय. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि आमच्या दापोडीच्या गल्लीत तुमचं येणंजाणं नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग तपासायचे — ओके किंवा रिजेक्ट. अकरा वर्षं तेच. याच्या नजरेतून केसाएवढा ओरखडा सुटत नाही, असं लाइनवर माझ्याबद्दल बोलतात, आणि मला ते ऐकायला फार आवडतं. त्या घमेंडीतच पोर्ट्रेट काढायचं खूळ लागलं. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि पेन्सिल चालवायची. आपल्याला काय अवघड? कसलं काय राव! बायकोचं काढायला गेलो तर तिच्या भावाचं झालं. आठवडाभर बोलली नाही माझ्याशी.

व्हिडिओतले सर एक गोष्ट सारखी सांगायचे — माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा. नवशिका म्हणे समोरचा चेहरा बघतच नाही. त्याच्या डोक्यात एक तयार चेहरा असतो, दोन्ही बाजू सारख्या, आणि तोच तो उतरवतो. शिवाय फोटोवरून हात बसत नाही, समोर जिवंत माणूस बसवा. पण बसणार कोण? आमच्या गल्लीत अर्धी माणसं शिफ्टला, अर्धी शिफ्ट करून झोपलेली.

शेजारचे नाना बसले. नाना मूळचे दापोडीतलेच, कारखान्यातून रिटायर झालेले, बायको वारलेली. घरात ते आणि त्यांची लेक सुरेखाताई. ताई हिंजवडीला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाला. नानांना बोलायला माणूस हवा होता आणि मला गप्प बसणारा माणूस हवा होता — जमणार कसं? पण जमलं. रविवारी अकराला मी वही घेऊन जायचो. ते खिडकीजवळ खुर्चीत, मी समोर स्टुलावर. "मर्दा, नाक जरा बारीक काढ, लगीन जमवायचं हाय माजं," म्हणायचे आणि स्वतःच खो खो हसायचे. हसले की त्यांच्या ओठाचा उजवा कोपरा वर जायचा, डावा जागेवरच राहायचा. मला तो कोपरा पकडायचा होता. दोन रविवार कागद फाटेपर्यंत खोडलं, नाही जमलं.

तिसऱ्या रविवारी ताईंना जादा शिफ्ट होती. निघताना म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही आहात ना, मग मला काळजी नाही." मी पेन्सिल तासत होतो. मान हलवली असेन बहुतेक.

आणि त्या दिवशी — कसं सांगू तुम्हाला? — त्या दिवशी हात बसला. डोळे जमले. नाना कागदातून माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून माणूस उतरत होता, आणि फक्त ओठ राहिला होता. बाराच्या सुमाराला ओठ काढायला घेतला. दिसला तसा काढला. कोपरा खाली आला.

वाटलं, माझंच चुकलं. कंपनीत शिकवलेलंच आहे, माप चुकलं की आधी मापायचं गेज तपासा. पेन्सिल हातभर लांब धरली, एक डोळा मिटला, मोजलं. खाली. परत मोजलं. खालीच. मागच्या रविवारचा कागद काढून शेजारी ठेवला. त्यात कोपरा वर होता. म्हणजे हात बरोबर होता आणि चेहरा बदलला होता. कळतंय का मी काय सांगतोय? मला दिसलं होतं. मोजून दिसलं होतं.

आणि हे काय असतं ते मला बिचाऱ्याला माहीत नसेल, असं समजू नका. सेफ्टीच्या ट्रेनिंगला आम्हाला दाखवतात — तोंड एका बाजूला ओढलं, हात गळला, बोलणं अडखळलं, की एक मिनिट घालवू नका. तो तक्ता कॅन्टीनबाहेर मी स्वतः चिकटवलाय, चारी कोपऱ्यांना टेप लावून. शंका आली की कोणीही लाइन थांबवायची, हाही आमच्याकडचा नियम. मी कितीदा थांबवलीये. एका बोल्टच्या आट्यासाठी थांबवलीये.

नानांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवरून घसरला. मी उठलो — उठलो, हं — आणि तो उचलून परत दांडीवर ठेवला. पोज मोडू नये म्हणून. जड लागला. पुन्हा घसरला तेव्हा राहू दिला, कारण हात चित्रात येत नव्हता.

काय काय सांगितलं मी मनाला! म्हातारा माणूस, दमले असतील. कवळी सैल झाली असेल. दहाच मिनिटं, ओठ तेवढा होऊ दे. दहाची चाळीस झाली. आणि गंमत बघा — गंमत कसली, निर्लज्जपणा बघा — दिसत होतं ते मी खोडून टाकलं. मागच्या कागदात बघून कोपरा वर काढला, हसरा. खाली सही केली. "येतो नाना" म्हणालो. ते काही बोलले नाहीत. घरी येऊन जेवलो. मटण होतं, दोनदा वाढून घेतलं.

ताई पाचला आल्या तेव्हा नाना खुर्चीखाली पडलेले होते. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, यांना शेवटचं धड कोणी पाहिलं, किती वाजता? दोनदा विचारलं, कारण कुठलं औषध द्यायचं ते त्या वेळेवर ठरतं म्हणाले. मी म्हणालो, एक वाजता मी निघालो तेव्हा ठणठणीत होते. ठणठणीत! हाच शब्द. त्यांनी लिहून घेतला. मग म्हणाले, उशीर झालाय हो, दुपारी आणलं असतं तर —

नाना जगले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एक "व्हय" तेवढं उरलंय. भूक लागली तरी व्हय, दुखलं तरी व्हय. ताईंनी नोकरी सोडली. मी त्या दिवशी शिफ्टला गेलेच नसते तर, असं अजून म्हणतात. आणि मी त्यांच्याच घरचा चहा पीत म्हणतो, ताई, तुमचा काय दोष?

चित्र त्यांनी फ्रेम करून भिंतीवर लावलंय. आल्यागेल्याला दाखवतात, भाऊंनी त्याच दिवशी काढलं बघा, नाना अगदी अस्सेच हसायचे. लोक माझ्या नजरेचं कौतुक करतात. तिरका उजेड पडला की ओठाखाली खोडलेली रेघ दिसते. त्यानंतर मी पेन्सिल टाकून दिली असं सांगितलं तर बरं वाटेल ना? नाही टाकली. आता छान येतं मला.

नानांची खुर्ची त्या चित्रासमोरच असते. ते चित्राकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. त्यांना आठवतं का सगळं? मी विचारलेलं नाही. विचारलं तर व्हय म्हणतील.

एक राहिलं. तेच सांगायला बसलो होतो आणि तेच टाळत आलो. पहिल्याच आठवड्यात ताईंनी विचारलं होतं, भाऊ, नाना शेवटचं बोलले ते तुमच्याशीच, काय म्हणाले हो? मी म्हणालो, नाक बारीक काढ म्हणाले. त्या रडता रडता हसल्या. आता पाहुण्यारावळ्यांना तेच सांगतात, नानांचं शेवटचं बोलणं म्हणून.

नाना तसं म्हणाले नव्हते. बारा वाजून गेल्यावर, हात घसरायच्या आधी, जीभ जड झाली होती तरी मला नीट कळेल असं म्हणाले, "आरं, मला कसंतरी हुतंया. सुरेखाला बोलीव."

मी कागदावरून डोळे न काढता म्हणालो, "नाना, बोलू नका. ओठ हलतोय."

नाना गप्प बसले.