बा इल्ली

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि मी तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. निलंग्याजवळच्या आमच्या गावात लोक म्हणायचे, जिल्हा आला, आता पाऊस तेवढा यायचा राहिला. त्या दुष्काळात सुट्टीला घरी गेले तर अप्पा नव्या गायीवर वैतागलेले. बिदरच्या बाजारातून आणलेली ती गाय कितीही हाका मारल्या तरी ढिम्म हलत नव्हती.

"लई मठ्ठ हाय. कडबा सरत आलाय, येत्या बाजाराला काढून टाकतो," अप्पा म्हणाले. त्या साली बाजारात गेलेली गाय पुढे कुठे जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आई मध्येच म्हणाली, "मी बोलावल्यावर येती की."

आईचं माहेर बिदरकडचं. सासरी आल्यावर तिच्या कानडीची इतकी चेष्टा झाली की घरात तिने ती बोलणंच सोडलं. गोठ्यात एकटी असली की मात्र बोलायची.

"तुझ्या हातात भाकर दिसती, म्हून येती," अप्पा म्हणाले.

शंका रास्त होती. जनावराला शब्द कळतो, की आपला हात, आपला आवाज, हे वेगवेगळं करून पाहावं लागतं, एवढं मी शिकले होते. मी गाय मोकळी सोडली आणि आईला रिकाम्या हातांनी भिंतीआड उभं केलं.

"इकडं ये," आई म्हणाली. गाय रवंथ करत बसली. "बा इल्ली," आईने तेच कानडीत म्हटलं, तशी गाय उठून भिंतीकडे निघाली. मग आवाज बदलायचा म्हणून मोडक्या उच्चारात मी तीच हाक दिली. तरी आली! मठ्ठ कसली, तिला फक्त मराठी येत नव्हती.

"आता तुम्ही म्हणा," मी अप्पांना म्हटलं.

अप्पा घुटमळले. आजवरच्या संसारात त्यांनी कानडीचा एक शब्द उच्चारला नव्हता. शेवटी खाकरून, कोणी ऐकत नाही ना ते बघून, हळूच म्हणाले, "बा इल्ली."

गाय आली. भिंतीआडून आईही आली. तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळे भरून आले होते.

गाय बाजाराला गेली नाही. तिचे उपकार मी आजही मानते. मला जी थोडीफार कानडी येते, ती पुढे अप्पांकडून शिकलेली आहे.