मुक्त तासाची तालीम

मुलुंडच्या आमच्या शाळेत मुख्याध्यापकांनी माझ्या चौथीच्या वर्गाला ‘मुक्त तास’ सुरू केला. मुलांनी हवं ते करायचं, मी मध्ये पडायचं नाही. मला आनंदच झाला. मग कळलं, ट्रस्टी बघायला येणार. झालं, आठवडाभर तालीम! मातीकाम कोणी करायचं, खिडकीत बसून कोणी वाचायचं, हसायचं कधी, सगळं सरांनी नेमून दिलं. एकीला माती नको होती, चित्र काढायचं होतं. सर तिच्यावर खेकसले, “सगळ्याची वाट लावशील!” शिसारी आली मला. कसलं स्वातंत्र्य नि कसलं काय!

ट्रस्टी आले, “किती मोकळी मुलं!” म्हणत टाळ्या वाजवून गेले. त्यांची पाठ वळताच तीच मुलगी मातीने बरबटलेले हात घेऊन माझ्याकडे आली.

“बाई, मुक्त तास संपला ना? आता चित्र काढू?”