काड्यापेटीतली काच

लातूरकडच्या आमच्या गावात कोचिंगच्या पोरांसाठी खोल्या बांधायच्या, म्हणून मी नगरपालिकेत खेटे घालत होतो. बांधकाम परवान्याच्या खिडकीपाशी एक म्हातारा दर खेपेला दिसायचा. धोतर, डोक्याला रुमाल, हातात काड्यापेटी. पेटीत फुटक्या काचेचे तुकडे.

भूकंपात त्याच्या दगडी घराला भेग पडली होती. भेग वाढते का हे कळावं म्हणून तिच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवतात. भेग वाढली की पट्टी तडकते. तडकली की हा तुकडे घेऊन हजर.

घर जुनं, म्हणून हेरिटेजच्या, म्हणजे वारसा यादीत. समितीच्या मंजुरीशिवाय भिंतीला थापीभर चुना लावायचा नाही, आणि समितीची बैठक काही केल्या होत नव्हती. वर त्याच कार्यालयाची नोटीस, की घर धोकादायक आहे, ताबडतोब दुरुस्त करा!

त्या दिवशी त्यानं सगळे तुकडे कारकुनापुढं ओतले. "ह्याच्यावर आवकचा शिक्का मारा."

"काका, काचेवर कुठं शिक्का मारतात का?"

"अर्ज लई दिले, सायब. भूकंपात पडलं न्हाई माझं घर. तुमच्या परवानगीत पडंल."

कारकून हसला. म्हातारा एकेक तुकडा वेचून पेटीत भरू लागला. बोट कापलं, तरी थांबला नाही.

कारकुनाच्या कानाखाली एक वाजवावी असं मला वाटलं. तेवढ्यात त्यानं माझी फाईल पुढं सरकवली. तीन मजले, महिनाभरात मंजूर.

ज्या हातानं वाजवायची होती, त्याच हातानं मी ती घेतली.