कुंड घासायचा मान

मी सिंगापूरला निघालो त्या सकाळी बाबांनी मला गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेलं. अंघोळीला नव्हे, पायऱ्या घासायला! नारळाचं सोडण हातात देऊन म्हणाले, "जहाजांची इंजिनं पुसणार आहेस ना? मग शेवाळाला काय नाक मुरडतोस?" विमानाच्या दिवशीसुद्धा सुटका नाही, म्हणून मी नुसता चरफडत होतो.

कोकणातलं आमचं गाव या कुंडामुळेच वसलं. घाटावरच्या कुणा व्यापाऱ्याच्या बायकोचे आखडलेले सांधे म्हणे इथे मोकळे झाले, आणि तिनं हे दगडी कुंड बांधून दिलं. अटी दोनच. पाणी सगळ्यांना खुलं, आणि शिमग्याआधी कुंड घासायचा मान सात घरांचा. मग बैलगाड्या भरभरून संधिवाताची माणसं यायला लागली, धर्मशाळा झाली, खानावळी झाल्या. पुढे हायवेवर लॉज निघाले, पोरं मुंबईला गेली. सातातली दोन घरं उरली, आमचं आणि गोविंदकाकांचं. "दरवर्षी शिमग्याला येतो," असं मी छातीठोकपणे सांगून निघालो होतो. कसला येतोय! शिपयार्डात जहाज लागलं की रजा विसरायची. दोनदाच गेलो.

आई गेल्यावर बाबांना सिंगापुरात, यिशुन भागातल्या माझ्या फ्लॅटवर आणलं. इथेही गरम पाण्याचा झरा आहे म्हटल्यावर त्यांना कोण आनंद! तेव्हा तिथे पार्क झालं नव्हतं. सिमेंटची जमीन, नळ, आणि प्लास्टिकच्या बादल्यांत पाय बुडवून बसलेले लोक. बाबा बसलेच नाहीत. कोपऱ्यातला खराटा उचलून शेवाळ घासायला लागले. एक चिनी आजोबा ओरडले, "अंकल, नो नीड लाह! क्लीनर कमिंग!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खराटा बाबांच्या हातातून ओढून घेतला.

बाबांनी ओले हात रुमालाला पुसले. मग म्हणाले, "गोविंदाला फोन केलाय मी. आपलं घर मानातून काढ म्हटलं. तुझ्या जिवाला घोर नको."

माझ्या भल्यासाठीच केलं त्यांनी, कळतं मला. पण असा राग आला, की बसमध्ये मी त्यांच्यापासून लांबच्या सीटवर जाऊन बसलो.

बाबा आता नाहीत. गावात राहिलेल्यांनो, माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, माझं सगळं आता इथेच आहे: फ्लॅट, कायम राहायचा परवाना म्हणजे पीआर, लेकीची शाळा. पूर्वी शिमगा जवळ आला की गोविंदकाका फोनवर विचारायचे, "काय रे, येतोस ना?" मी सबबी सांगायचो, आणि लाज वाटायची. आता फोन येत नाही. आपण गेलो नाही तर जिथे कुणाचं तरी अडतं, ते घर. गावात आता माझ्यावाचून कुणाचंही अडत नाही.