चौदाव्या दिवसाचे डॉक्टर

पेशंट मेल्यावरही त्याचा पिच्छा न सोडणारा डॉक्टर उभ्या पुण्यात एकच झाला, आणि नेमकी त्याच्याच हाताखाली मी शिकले. "वाचलेला पेशंट पेढे देतो, शिकवत काही नाही," असं सर म्हणायचे. बुधवार पेठेत, टीव्हीच्या दुकानांच्या वर त्यांचा दवाखाना. कॉलेज आम्हा इंटर्न्सना तिथे फॅमिली डॉक्टरकी शिकायला धाडायचं. पहिल्याच दिवशी मी मोबाइलवर औषधाचा डोस बघत होते, तर म्हणाले, "पेशंट तिकडे नाही, इकडे बसलाय. सवड मिळाली की ह्यालाही बघ."

कुणी दगावलं की सर तेरावं होऊ देत आणि चौदाव्या दिवशी आम्हाला घेऊन त्या घरी जात. बसायचं, पाणी प्यायचं आणि विचारायचं, "माझं काय चुकलं?" लोकांना हे झेपत नसे. वारज्यात अकराव्या मजल्यावर, गेलेल्या पेशंटच्या आयटीतल्या मुलाने हेडफोन न काढताच "कुरिअर वॉचमनकडे ठेवा" म्हणून दार लावलं. सरांनी पुन्हा बेल दाबली. प्रश्न ऐकून तो घाबरलाच. "अंकल, आर यू ओके?" त्याची बायको मात्र आतून म्हणाली, "अहो डॉक्टर, तुम्ही बाबांना कधी वाक्य पुरं करू दिलं नाहीत." सर आमच्याकडे वळले. "ऐकलंत? कुठल्या पुस्तकात आहे हे?"

पुढे माझी आई गेली. तीही त्यांचीच पेशंट. तिचा थकवा सरांनी सहा महिने वयावर ढकलला होता. साधं रक्त तपासलं असतं तर आतड्यातला कॅन्सर कदाचित वेळेत कळला असता. चौदाव्या दिवशी सर आले, एकटेच. पाणी प्यायले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला.

मला उत्तर चांगलं ठाऊक होतं. पण तोवर मीही डॉक्टर झाले होते, आईच्याच घरात राहत होते, आणि "वय झालं आता तुझं" असं मीही तिला म्हणाले होते. त्यांची चूक सांगायची तर माझीही सांगावी लागली असती. "काही नाही, सर," मी म्हणाले.

त्यांनी पेला खाली ठेवला. "परक्या लोकांनी खरं सांगितलं गं मला," एवढंच बोलून जिना उतरले.

वर्षभरात तेही गेले. आता माझ्याकडे इंटर्न येतात. वारज्याची गोष्ट सांगितली की पोट धरून हसतात. आईची अजून सांगितलेली नाही. सर असते तर आज त्यांना सगळं खरं सांगितलं असतं, आणि मग आम्ही दोघं तिच्यासाठी धड रडलो तरी असतो.