मास्तरांचा सात

गिरधर मास्तरांनी जन्मात कधी बॅट हातात धरली नव्हती. उन्हानं त्यांचं डोकं उठायचं आणि चेंडू आपल्या दिशेनं आला की डोळे आपोआप मिटायचे. तरीही सन छत्तीसच्या सुमाराला बुऱ्हाणपुरात कोणी खेळायचं आणि कोणी घरी बसायचं, हे तेच ठरवत होते. कसं, ते ऐका. हसू आलं तर हसा, पण जरा बेतानं. असा एखादा मास्तर प्रत्येक गल्लीत असतो.

गावातल्याच राजपुऱ्याच्या एका शाळेत ते चौथीला शिकवत, आणि शाळा सुटली की स्टेशनाजवळच्या बंगल्यात एका गोऱ्या गार्डाला हिंदुस्थानी शिकवायला जात. त्या गार्डाकडे अमेरिकेहून आलेली एक पेटी होती. तिकडे बेसबॉल म्हणून एक चेंडूफळीचा खेळ आहे म्हणे. पेटीत एकेका खेळाडूच्या नावाचं एकेक पान, पानावर आकडे, आणि सोबत दोन फासे. फासे टाकायचे, बेरीज करायची आणि पानावर बघायचं, गडी पळाला की मेला. धूळ नाही, घाम नाही, ऊन नाही! मास्तरांना वाटलं, देवानं हा खेळ खास आपल्यासाठीच धाडला.

गार्डाची बदली झाली, पेटीही गेली. पण मास्तर काय गप्प बसतात! त्यांनी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापल्या, मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा ओढल्या आणि गावात क्रिकेट खेळणाऱ्या एकोणीस जणांची एकोणीस पानं केली. दोनपासून बारापर्यंत आकडे, प्रत्येकासमोर निकाल: चौकार, एक धाव, झेल, त्रिफळा. आता गंमत अशी, की बारा यायला दोन्ही फाशांवर सहाच पडावे लागतात. सात मात्र सहा तऱ्हांनी पडतो. म्हणजे सगळी मेख त्या सातात. ज्याच्या सातासमोर चौकार, तो राजा. ज्याच्या सातासमोर त्रिफळा, त्यानं घरी जाऊन गोधडी शिवावी.

हे खूळ मास्तरांच्या ओसरीवरच राहिलं असतं, पण दत्तात्रय वकिलांनी ते उचललं. वकील गावच्या संघाचे कप्तान. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खंडव्याहून रेल्वेचा संघ सामना खेळायला यायचा आणि दर आखाजीला अकरा गडी निवडताना वकिलांच्या दारात शिवीगाळ व्हायची. ह्याचा भाचा का नाही, त्याचा साडू का नाही! वकील पार विटले होते. पानं पाहिली आणि त्यांचे डोळे लकाकले. आखाजीला आपल्याकडे पोरी झोक्यावर आणि बाप्ये जुगारावर. त्या सणाला सगळं माफ. मग आदल्या दिवशी ओसरीवर फासे टाकायला कोण नावं ठेवणार? प्रत्येकाच्या पानावर बारा फेकी, बाद झाला की फेकी संपल्या, आणि ज्यांच्या धावा जास्त ते अकरा खेळणार. कोणी भांडायला आला की वकील हात वर करायचे, "भाई, फाशांनी ठरवलं. माझा काय कसूर?"

कसूर फाशांचाही नव्हता. पानं लिहिणारा हात मास्तरांचा होता, आणि हे गावाच्या लवकरच ध्यानात आलं. पंडित हलवाई बॅट धरायचा ती झाऱ्यासारखी, पण एका सकाळी तो मास्तरांकडे रवा-तुपाचा गोड दराबा पाव शेर घेऊन आला आणि त्याच्या सातासमोरची 'एक धाव' खोडून 'चौकार' आला. मग कोणाकडून केळीचा घड आला, कोणाकडून तुपाची लोटी. मास्तर याला लाच म्हणत नसत. छे, छे! "खेळाडूच्या अंगी विनय पाहिजे," ते बायकोला सांगत, "विनय असला की हात आपोआप सुधारतो." धुरपदाबाई दराबा डब्यात भरत म्हणायच्या, "हो ना. अन् विनय नेमका पाव शेराचाच असतो."

या सगळ्यात एक जण कधीच काही घेऊन आला नाही. देवराम. मिलमध्ये मागावर होता, वीस-एकवीस वर्षांचा. गावातला सगळ्यात चांगला हात त्याचा. तापीच्या वाळवंटात खेळायचा तर पोरं चेंडू आणायला पाण्यात शिरायची. पण दोन वर्षांत त्याच्या छातीत कापसाची धूळ बसली होती. बाप त्याच खोकल्यानं गेलेला. खंडव्याच्या संघाचा साहेब कसा, तर समोरच्या संघात चांगला खेळणारा दिसला की त्याला उचलून रेल्वेत चिकटवायचा. देवरामला आखाजीचा तो एक सामना पाहिजे होता. दुसरा रस्ता त्याला नव्हता.

त्याची माय, सोजरबाई, एकदा मास्तरांच्या दारात येऊन उभी राहिली. मास्तरांनी आधी तिच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

"मास्तर, पोराचं पान जरा नीट लिवा. त्याले मिलमधून काढाचं हाय मले."

"बाई, पान खोटं बोलत नसतं," मास्तर म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी देवरामचं पान काढलं. या घराला काही रीतभातच नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि सातासमोर त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: त्रिफळा. सहा आणि आठासमोर झेल. अक्षर मास्तरांचं फार सुरेख होतं, ते मान्य केलं पाहिजे.

आखाजीच्या आदल्या दिवशी फासे पडले. देवरामच्या पानावर पहिल्याच फेकीला चार आणि तीन. ओसरीवर कोणी तरी खोकल्यासारखं हसलं. देवराम एवढंच म्हणाला, "बरं मास्तर," आणि चपला घालून निघून गेला. पंडित हलवायाच्या एकोणचाळीस धावा झाल्या. आणि आता खरी मजा ऐका. एवढ्या वर्षांत मास्तरांचा स्वतःच्या पानांवर पक्का विश्वास बसला होता! आपणच लिहिलं, आपणच खोडलं, हे ते साफ विसरले होते. पंडित एकोणचाळीस करणार म्हणजे करणार, देवराम म्हणजे कच्चा लिंबू, अशी त्यांची खात्रीच होती.

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या आधी सामना सुरू करायचा म्हणून सहालाच मंडळी मैदानावर जमली. तेवढ्यात खंडव्याचा एक गडी ओकाऱ्या काढत आडवा झाला. साहेबानं वकिलांकडे एक माणूस उसना मागितला. वकिलांनी मास्तरांकडे पाहिलं. लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेले मास्तर गालात हसले आणि वकिलांच्या कानाशी लागून म्हणाले, "तो देवराम बघायला आलाय, त्याला देऊन टाका. आपलं काही जात नाही. सगळ्यांत कच्चं पान त्याचंच."

दिला! स्वतःच्या हातानं, हसत हसत दिला.

पुढचं काय सांगायचं? पंडित पहिल्याच चेंडूला गेला. बॅट वर गेली ती खाली येईपर्यंत मागच्या दांड्या पडल्या होत्या. केळीचा घड तीन धावांत आटोपला, तुपाची लोटी दोन धावांत. सगळा संघ एक्केचाळिसात घरी. मग देवराम खंडव्याकडून सलामीला आला आणि एकट्यानं चौतीस धावा कुटल्या. एक चेंडू तर मास्तरांच्या खुर्चीखालून गेला. मास्तरांनी रीतीप्रमाणे डोळे मिटले. सामना संपल्यावर वकील त्यांच्याकडे आले. मास्तर म्हणाले, "हे गणिताला धरून नाही." साहेब तिकडे देवरामच्या खांद्यावर हात ठेवून त्याचं नाव लिहून घेत होता.

आठवड्यानं देवराम मास्तरांच्या घरी आला. हातात दराब्याचा डबा होता. डबा ओसरीवर ठेवून तो वाकून पाया पडला.

"उद्या खंडव्याले चाललो, मास्तर. यार्डात काम भेटलं. माझं पान द्या मले. आठवण म्हणून ठेवतो."

मास्तर चाचरले. "थांब, जरा सुधारून देतो."

"नको, हाय तसंच द्या."

पान त्याच्या हातात गेलं. तो शांतपणे बोट ठेवून वाचत गेला, दोनपासून बारापर्यंत, चौथीत मास्तरांनीच शिकवलं होतं तसं. सातावर बोट थांबलं.

"मास्तर, चौथीत तुम्ही मले गणितात नापास केलं होतं. सारी गणितं बरोबर होती माझी. माय म्हणे, आपल्या घरून मास्तरच्या घरी तूप नाही पोचलं म्हणून. मी म्हणे, आपला मास्तर तसा नाही." त्यानं पान जपून खिशात ठेवलं. "नऊ वर्षं मी तिच्याशी भांडलो, मास्तर."

एवढं बोलून तो गेला. आवाजही चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं.

मास्तरांनी आतून कात्री आणली. मग त्यांनी एक लग्नपत्रिका कापली, रेघा मारल्या, वर देवरामचं नाव घातलं आणि सातासमोर लिहिलं: चौकार. फासे टाकले. पाच आणि दोन. "चौकार," मास्तर म्हणाले. ओसरीवर ऐकायला कोणी नव्हतं.

धुरपदाबाई आतून आल्या, डब्याचं झाकण काढून तो त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "घ्या, खा आता. पोचलं एकदाचं त्याच्याही घरून."

मास्तरांनी झाकण पुन्हा लावलं. डबा मात्र त्यांनी परत पाठवला नाही.