शिनोलीपर्यंत आलेली वाईन

साऱ्या पुणे जिल्ह्यात तांबडी वाईन कळणारा माणूस एकच आहे आणि तो आमचा व्याही आहे. आमची मुलगी त्यांच्या घरात नांदते म्हणून मी हे म्हणतोय असं समजू नका. तेवढ्यासाठी मी त्यांच्या घरच्या आमटीची तारीफ करतो आणि ते पुरतं. व्याही महाळुंगे पडवळला राहतात. उभा जन्म एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, राजकारणाला लागतात, काहीच जमलं नाही तर सुनेच्या मागे लागतात. आमचे व्याही वाईनला लागले. पण एका घोटापलीकडे त्यांनी कधी घेतल्याचं मी पाहिलं नव्हतं. उरलेला पेला ते वायनरीच्या दारातल्या पेरूच्या बुंध्याशी ओततात. त्या पेरूला फळ बेसुमार येतं, पण ते खाऊन कुणी गाडी चालवू नये असं माझं मत आहे.

ही वायनरी जुन्नरच्या अलीकडे द्राक्षबागांच्या मधोमध आहे. वायनरी म्हणजे पत्र्याची एक शेड, चार स्टीलच्या टाक्या, सहा लाकडी पिंपं आणि शुभांगी. शुभांगी शेतकऱ्याची मुलगी. वाईन करायचं रीतसर शिकून आली आणि वडिलांच्या बागेचा एक कोपरा मागून घेऊन तिने काळ्या द्राक्षांची वाईन करायला घेतली. वडील हे व्याह्यांच्या गाडीतले जुने उतारू, त्यामुळे पहिल्या पिंपाच्या वेळी व्याह्यांना मानाचं बोलावणं आलं. व्याही गेले, एक घोट घेतला, डोळे मिटून बसले आणि तेव्हापासून त्यांनी स्वतःला तिथला परीक्षक नेमून घेतलं. त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून माझीही आपोआप ड्रायव्हर म्हणून नेमणूक झाली.

व्याह्यांचं मोजमाप थांब्यांचं आहे. मंचरहून पश्चिमेकडे त्यांची जी गाडी जायची, तिचे थांबे हेच त्यांचे गुण: मंचर, मग घोडेगाव, मग शिनोली आणि त्यापुढे शेवटचा थांबा. वाईन पाणचट असली की म्हणतात, ‘‘ही मंचरलाच पंक्चर झाली.’’ जरा बरी असली की, ‘‘घोडेगावात च्या प्यायला उतरली ती तितंच बसली, राव!’’ निकाल देताना पेल्यावर नखाने टिचकी मारतात. दोन टिचक्या म्हणजे डबल घंटी, चला, अजून पुढे जायचंय. एक टिचकी म्हणजे थांबवा, गाव आलं. ही एक टिचकी मी कधीच ऐकली नव्हती. मुलगी बघायला आले तेव्हा माझ्या बायकोच्या हातचा चहा पिऊन त्यांनी कपावर दोन टिचक्या मारल्या आणि ‘‘शिनोली’’ एवढंच बोलून उठले. बायकोला वाटलं, शिनोलीची कुणी मुलगी आधीच पसंत पडली आहे. होकार येईपर्यंत आठ दिवस आमच्या घरात सुतक होतं. शिनोली म्हणजे फार वरचे गुण, हे कळल्यावर तिचा राग निवळला. तरी ‘‘माझ्या चहाचं पुढे काय अडलं?’’ हे ती त्यांना दर दिवाळीला विचारतेच.

रविवारी वायनरीत पुण्याची मंडळी येतात. व्याही मागच्या दाराशेजारच्या बाकावर बसतात, कारण कंडक्टरची जागा तीच. गर्दी झाली की तिथूनच ‘‘पुढं सरका, पुढं मोकळं हाय’’ असं ओरडतात आणि लोक सरकतातही. एकदा एका गृहस्थाने पेला गरगर फिरवला, त्यात नाक घातलं आणि सोबतच्या बाईंना सांगू लागला, ‘‘लेदर आहे, टोबॅको आहे, आणि मागून थोडा ओल्या दगडाचा फील.’’ व्याही म्हणाले, ‘‘चामडं आसंल तर पायताण भाईर काढा. तंबाखू माजी हाय, खिशात. आन् दगुड चाखलाय कुनी?’’ गृहस्थ गोरामोरा झाला. हे आमचे ज्येष्ठ परीक्षक, असं शुभांगीने सांगितल्यावर त्याने व्याह्यांबरोबर फोटो काढून घेतला. कुणी चीज पुढे केलं तर व्याही ते साबणाची वडी परत करावी तसं परत करतात आणि पिशवीतून मासवडीचा डबा काढतात. मग चीजला कुणी हात लावत नाही. मी एकदा धीर करून ‘‘वाईन चांगली आहे’’ असं मत दिलं, तर म्हणाले, ‘‘पावणं, तुमची जीभ इदाउट तिकीट हाय. गप ऱ्हावा.’’

या सगळ्या गमतीत एकट्या शुभांगीचा जीव टांगलेला होता. तिच्या बाटल्यांवर द्राक्षाच्या घडाचं चित्र होतं, तिचं स्वतःचं नाव नव्हतं. व्याह्यांना ती नाना म्हणते. ‘‘नानांनी एक घंटी दिली की त्या वाईनवर माझं नाव टाकीन,’’ असं ती पहिल्या वर्षी हसत म्हणाली होती. दुसऱ्या वर्षी दोन टिचक्या, घोडेगाव. तिसऱ्या वर्षी दोन टिचक्या, शिनोली. चौथ्या वर्षी पुन्हा शिनोली, आणि तेव्हा ती हसली नाही. बाहेरच्या लोकांनी वाईनची वाहवा केली, तिच्या वडिलांनी ‘‘नाव टाकून मोकळी हो’’ म्हणून सांगून पाहिलं. पण पोरगी हट्टाला पेटली होती.

दोन उन्हाळ्यांपूर्वी ती व्याह्यांना म्हणाली, ‘‘नाना, तुमचा तो शेवटचा थांबा मला दाखवा तरी. कुठं जायचंय ते कळल्याबिगर मी जाऊ कशी?’’ व्याह्यांनी आम्हा दोघांना माझ्याच गाडीत बसवलं आणि मला म्हणाले, ‘‘जाऊ द्या.’’ मंचर गेलं, घोडेगाव गेलं, शिनोली गेली. रस्ता चढून धरणाच्या काठावर आला तेव्हा त्यांनी थांबायला सांगितलं. मे महिना असल्यामुळे पाणी बरंच आटलं होतं. काठाला तडकलेला गाळ आणि त्यापुढे पाणी. त्या पाण्याकडे बोट करून ते म्हणाले, ‘‘त्यो बगा, तितं. आमचं गाव. तितं स्टँड व्हतं आन् स्टँडावर जांभूळ.’’ त्यांचं गाव धरणात गेलं हे मला सोयरीक जमवताना कळलं होतं. पण गुण देताना हा माणूस आपल्या बुडालेल्या गावाचा रस्ता मोजतो आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी नुसता हसत होतो. मला माझीच लाज वाटली.

व्याही मात्र रंगात आले होते. गाडी मुक्कामाला त्या जांभळाखाली लागायची. फांद्या टपावर टेकलेल्या, त्यामुळे फळांचा सडा टपावर पडायचा. दिवसा पत्रा तापायचा, जांभळं आंबायची आणि रस खिडक्यांवरून ओघळायचा. ‘‘मंचरात कुनी जांभळ्या सदऱ्याचा दिसला की समजायचं, आमच्या गाडीचा उतारू! मी शिडीवर चढून टपावरचा रस बोटानं चाटायचो. दोन दिस उनात आंबल्याला, पत्र्याचा वाईच वास. पोरी, तुजी वाईन पयल्यांदा तोंडात घेतली तवा वाटलं, आरं, ही तर आपल्या रस्त्याला लागली!’’

पुढच्या हंगामात शुभांगीने द्राक्षं नेहमीपेक्षा जास्त दिवस वेलीवर उन्हात ठेवली. पाखरं सगळं खातील म्हणून वडिलांनी घर डोक्यावर घेतलं, तरी ती बधली नाही. ती वाईन पिंपात मुरली आणि यंदा संक्रांत झाल्यावर आम्हाला बोलावणं आलं.

व्याह्यांनी पास तपासावा तसा पेला उजेडाला धरून पाहिला. घोट घेतला. डोळे मिटले. मग दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. हे कधी झालं नव्हतं. बघता बघता पेला रिकामा झाला आणि पेरू त्या दिवशी कोरडा राहिला. मग रिकाम्या पेल्यावर नख वाजलं. आम्ही दुसऱ्या टिचकीची वाट बघत उभे राहिलो. ती आली नाही.

‘‘उतरा,’’ व्याही म्हणाले. ‘‘गाव आलं.’’

शुभांगी हसली आणि हसता हसता ओढणीने डोळे पुसू लागली. वडील म्हणाले, ‘‘आता टाक बाई ते नाव,’’ आणि पाठ फिरवून पिंपं पुसायला लागले.

परत येताना मी म्हणालो, ‘‘पोचली म्हणायची शेवटी.’’ व्याही खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, ‘‘पावणं, कुटं बोलू नगा. वाईन लई चांगली झालीया. पन त्या जांभळाची चव आता मलाच गावंना. सगळा पेला पिऊन हुडकली. त्या दिशी पान्याच्या काठाला तुमाला सांगितली ना, तवाच शेवटची आठवली व्हती.’’

‘‘मग एक घंटी कशी दिलीत?’’

‘‘डबल दिली आस्ती तर पोरीनं म्होरं जायचं कुटं? शिनोलीच्या म्होरं पानीच हाय.’’

मला गाडी चालवताना समोरचं नीट दिसेना, म्हणून रसवंती बघून थांबवली. आम्ही उसाचा रस प्यायलो आणि घरी आलो.

शुभांगीच्या बाटलीवर आता तिचं नाव आहे, घडाच्या चित्राहून मोठं. गेल्या आठवड्यात व्याही आमच्याकडे आले. बायकोने चहा दिला. त्यांनी घोट घेतला आणि कपावर एकच टिचकी मारली. बायकोचा आनंद शेजारच्या तीन घरांत ऐकू गेला. मग त्यांनी ताकावर एकच मारली, दुधी भोपळ्याच्या भाजीवर एकच मारली, माझ्या बिनसाखरेच्या कॉफीवरसुद्धा एकच. व्याही हल्ली फार मवाळ झालेत, असं बायको म्हणते. मी हो म्हणतो, आणि ते कप हातात घेतात तेव्हा दुसऱ्या टिचकीसाठी कान देऊन बसतो.